पोटाचा जमाखर्च

उजनीचे पाणी दिवसांआड येत असल्याने ते साठवून ठेवणे हा सोलापुरातील घरोघरचा परिपाठ आहे. साठवणीत दोष शिरला की जुलाब सुरू होतात आणि दुकान सांभाळणाऱ्याला प्रथम आठवते ती जुलाब बंद करणारी गोळी. बहुधा ती लोपेरामाइडची असते. ती आतड्यांची हालचाल मंदावते. गेलेले पाणी व क्षार मात्र परत आणून देत नाही. ताप असेल वा शौचातून रक्त पडत असेल, तर ती घेणे धोक्याचे. लहान मुलांना ती देऊच नये.

जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः पाणी व क्षार यांच्या तुटीने. खर्च थांबवता येत नसेल, तर जमेची बाजू भरावी, हे तत्त्व १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत अमलात आणले. पटकीची साथ होती व शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडत होते. ग्लुकोज, मीठ व सोडा यांचे द्रावण त्यांनी नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ व पाणी आतड्यात शोषले जाते, हे त्यामागचे शास्त्र. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

आजचे ओआरएस त्याच कुळातले. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी; छापलेले माप मोडू नये. पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे आणि ते २४ तासांत संपवावे. गोड पेयांच्या खोक्यावर ‘ओआरएस’ छापण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरीही घटक वाचूनच खरेदी करावी. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस झिंकही द्यावे. लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

दुसरी तक्रार बद्धकोष्ठाची. दिवसभर गादीवर बैठक, पाणी कमी आणि गिऱ्हाइकापायी टाळलेला शौचाचा वेग ही तिची नेहमीची कारणे. लोहाच्या गोळ्यांनीही मलावरोध होतो. इसबगोल पाणी शोषून मल मऊ करतो. म्हणून त्यासोबत भरपूर पाणी हवेच. पुरेशा पाण्याविना तो घशात वा आतड्यात अडकू शकतो. चौविहार पाळणाऱ्यांनी तो रात्रीसाठी न ठेवता सूर्यास्तापूर्वी पुरेशा पाण्यासह घ्यावा. निर्जल उपवासाच्या दिवशी घेऊच नये. सोनामुखीची चूर्णे व बिसाकोडिलच्या गोळ्या आतड्यांना चेतवतात. त्या प्रसंगापुरत्या ठीक. वैद्यकीय सल्ल्यावाचून रोज घेऊ नयेत. उतारवयात शौचाची सवय अचानक बदलली, वजन घटले वा रक्त दिसले, तर चूर्ण बदलत बसू नये, तपासणी करावी.

घरच्या औषधाच्या डब्यात गोळ्यांची गर्दी नसली तरी चालेल. ओआरएसची चार पाकिटे मात्र असावीत, आणि त्यांची मुदत खातेवहीतील बाकीइतक्याच काटेकोरपणे तपासली जावी.