युरोपातील हक्कांचे तीन राखणदार

युरोपीय महासंघातील नागरिकाच्या हक्कांवर तीन व्यवस्थांची राखण असते: देशाचे संविधान, महासंघाची मूलभूत हक्क सनद आणि १९५० चा मानवी हक्कांचा युरोपीय करार. करार कौन्सिल ऑफ युरोपच्या ४६ देशांना बांधतो आणि त्याचा अर्थ स्ट्रासबर्गचे न्यायालय लावते. महासंघाचे देश २७ आणि न्यायालय लक्झेंबर्गला. सनद २००९ पासून बंधनकारक आहे. सदस्य देशांना ती महासंघाचा कायदा राबवतानाच लागू होते.

या तिघांत सरळ उतरंड नाही. सनद आणि करार यांतील समान हक्कांचा अर्थ एकच धरावा, महासंघाने वाटल्यास जास्त द्यावे, असे सनदच सांगते. मात्र जास्तीचे संरक्षण देण्याची मुभा देशांना सरसकट नाही. इटलीत गैरहजेरीत शिक्षा झालेल्या आरोपीचे हस्तांतरण स्पेनने आपल्या संविधानाच्या आधारे रोखू नये, असे लक्झेंबर्गने २०१३ च्या मेलोनी खटल्यात ठरवले. अशा हस्तांतरणासाठीच्या युरोपीय अटक वॉरंटचे नियम महासंघभर एकच हवेत, हे त्यामागचे कारण.

स्ट्रासबर्गने संयमाचा मार्ग धरला. आयर्लंडने महासंघाच्या नियमानुसार युगोस्लाव्ह मालकीचे विमान अडकवले होते. त्या बॉस्फरस खटल्यात, महासंघातील हक्करक्षण कराराच्या तोडीचे असल्याने देशाने करार पाळला असे गृहीत धरावे, असा निकाल २००५ मध्ये लागला. संरक्षण उघडपणे तोकडे दिसले, तर हे गृहीतक गळून पडते. २०२१ मध्ये तसे घडले. तुरुंगातील अमानुष स्थितीचा धोका दिसत असूनही फ्रान्सने एका व्यक्तीला रुमानियाच्या हवाली केले होते. स्ट्रासबर्गने फ्रान्सला दोषी ठरवले.

दोन न्यायालयांतील हा समंजसपणा मोलाचा असला, तरी तो बाहेरच्या देखरेखीची जागा घेऊ शकत नाही. महासंघ स्वतः कराराचा पक्षकार नसल्याने त्याच्या संस्थांविरुद्ध थेट स्ट्रासबर्गला दाद मागता येत नाही. सदस्य देशालाच प्रतिवादी करावे लागते. लिस्बन कराराने महासंघाला मानवी हक्कांच्या करारात सामील होण्याचे बंधन घातले. तरीही महासंघाच्या कायद्याच्या स्वायत्ततेला बाधा येईल, असे म्हणत लक्झेंबर्गने २०१४ मध्ये त्या सामील होण्याचा मसुदा अमान्य केला. २०२३ मध्ये वाटाघाटींत सुधारित मसुद्यावर तात्पुरते एकमत झाले. परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणातील न्यायालयीन अधिकाराचा पेच मात्र महासंघावरच सोपवला गेला. सदस्य देशांना जी बाहेरची तपासणी चुकत नाही, तिच्यातून महासंघालाही सूट नसावी.