"पाम द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला आधी हे विचारा

रोपांच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत भांडवल, जागा, मार्जिन यावर बोललो. आज एकच मुद्दा, आणि त्यावर माझं मत ठाम आहे: घरात ठेवायचं झाड विकताना "घरी मांजर, कुत्रं आहे का?" हे विचारल्याशिवाय बिल करायचं नाही.

एकलहऱ्यात काय नि नाशिकरोडला काय, गिऱ्हाईक पूर्ण नाव घेत नाही. "पाम द्या" म्हणतं. आता अरेका पाम मांजर-कुत्र्याला सुरक्षित आहे. सायगो पाम मात्र मुळात पामच नाही, तो सायकस. त्याचं पान, मूळ सगळं विषारी, बी सर्वांत जास्त. कुत्र्याने खाल्लं तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. आणि आपण दोन्ही कुंड्या 'पाम' म्हणून शेजारी मांडतो!

'लिली'चा घोळ तर आणखी मोठा. पीस लिली ही खरी लिली नाही, ती आपल्या अळूच्या कुळातली. मनीप्लांट, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, झेडझेड प्लांटही त्याच कुळातले. अळू खाजतं म्हणून आपण भाजीत चिंच घालतो ना? यांच्यातही तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. प्राण्याने चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. त्रास होतो, पण सहसा जीवावर बेतत नाही. बुकेत असते ती मोठी लिली, लिलियम, मांजरासाठी वेगळंच प्रकरण आहे. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तिथे लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं.

"सर, असं सांगत बसलो तर माल पडून राहील," असं बॅचमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं. मला नाही पटत. मांजर असलेलं गिऱ्हाईक सायगो ठेवून अरेका नेतं. बिल तुमचंच होतं. शिवाय मालाची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्कच आहे, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा तेच सांगतो.

खर्च म्हणाल तर एक पट्टी आणि मार्कर. तुमचा माल कडियमहून येवो (तेही आपल्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला!) की पुण्याहून, व्यापाऱ्याकडून शास्त्रीय नाव विचारून घ्या आणि तेच कुंडीवर लिहा. मग एएसपीसीए या जुन्या अमेरिकन प्राणिसंस्थेच्या मोफत यादीत ते ताडून बघता येतं. त्या यादीत स्नेक प्लांट, कोरफड आणि जेडही विषारीत आहेत. म्हणजे आपला सगळ्यात खपणारा मालच की! म्हणून ते विकू नका असं नाही, उंच शेल्फवर किंवा टांगून ठेवायला सांगा. कण्हेर आणि अडेनियमला मात्र मी ही सवलत देणार नाही, ती थेट हृदयावर परिणाम करतात.

स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, पेपरोमिया, कॅलेथिया, अरेका यांचा वेगळा कोपरा करा. पाटीवर 'शंभर टक्के सुरक्षित' लिहू नका, कारण कुठलाही पाला जास्त खाल्ला की मांजर ओकतंच. 'विषारी नाही' एवढंच लिहा.

बुके करत असाल तर मांजर असलेल्या घरासाठी लिलियमऐवजी गुलाब नाहीतर जरबेरा घाला. नाशिकला गुलाबाची काय कमी आहे?