ट्यूफची किरकिर

गेल्या गणपतीत, प्रसादाच्या पंगतीत, एका मित्राने रंगवून सांगितले: 340आयला तीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घातल्या, एक इंच रुंद चाके बसवली आणि ट्यूफला काहीच कळवले नाही. दर दोन वर्षांच्या तपासणीआधी तळघरातली जुनी चाके चढवायची. "स्प्रिंगांकडे कोण वाकून बघतंय?" पंगत हसली. गाडी माझी, पैसे माझे, जर्मनांची किरकिर कशाला ऐकायची, असा एकूण सूर.

मी हसलो नाही, कारण हेच मी तीन वर्षांपूर्वी केले होते. एकटा चालवताना गाडी देखणी आणि चपळ वाटायची. मग एकदा चौघे जण आणि डिकीभर सामान घेऊन निघालो. मागे मित्राची आई. ऑटोबानवर पुलाच्या जोडावर मागून खर्र आवाज आला. मला वाटले, सामान सरकले. पुढच्या थांब्यावर पाहिले तर मडगार्डच्या आतल्या कडेने टायरच्या खांद्याला बोटभर लांब काप दिला होता. आम्ही ताशी दीडशेने आलो होतो. काकू तेवढ्यात डब्यातल्या वड्या वाटत होत्या.

हिशेब साधा होता, मी तो केला नव्हता, एवढेच. आठ इंची रिमच्या जागी नऊ इंची घेतले की दोन्ही कडा पावणेतेरा मिलिमीटरने सरकतात. वर ऑफसेट दहाने कमी, म्हणजे बाहेरची कडा जवळजवळ तेवीस मिलिमीटर बाहेर. गाडी मुळात तीस खाली बसलेली, त्यात माणसे आणि सामान. चाक वर जाणार कुठे?

"पण हँडलिंग सुधारते ना?" सुधारते, पण मिरवतो तितके नाही. गुरुत्वमध्य साधारण पंचावन्न सेंटिमीटरवर धरा. तो तीन सेंटिमीटर खाली आणला तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारे वजन पाच-साडेपाच टक्क्यांनी घटते. एवढेच. त्याच वेळी पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटचा खालचा आर्म आपल्या मूळ कोनातून सरकतो, रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि गाडीला कलंडवणारा तरफेचा हात उलट लांबतो. तो कल स्प्रिंगांच्या कडकपणाने झाकला जातो. मूळचे शॉकअप तसेच ठेवले तर ते या कडक स्प्रिंगांसाठी बनलेले नसतात, आणि खड्ड्यात गाडी लगेच बंप स्टॉपवर आदळते. अलाइनमेंट न केल्यास टायर आतून झिजतात ते वेगळेच. हेडलाइटची दिशाही पुन्हा लावावी लागते.

ट्यूफचा माणूस नेमके हेच बघतो. माझी गाडी शेवटी नेली तेव्हा त्याने तिरपी दोन चाके उंचवट्यावर चढवली आणि टॉर्च घेऊन खाली वाकला. पंधरा मिनिटांत त्याला जे दिसले, ते मला डॉक्टरेट असून दिसले नव्हते. मागचे रिम बदलायला लावले. शॉकअप मी आपणहून बदलले. मग नोंद झाली. खर्च आणि दोन खेपा झाल्या. किरकिर आहेच, कागदाच्या एका ओळीसाठी परत पाठवतात तेव्हा माझेही डोके फिरते.

पण ही परवानगी इथे मागता येते, हे आपण विसरतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला जवळजवळ दारच बंद केले आहे, त्यामुळे हौशी माणूस लपवायलाच शिकतो. पुण्यात ती सवय मी समजू शकतो. इथे, जिथे इंजिनिअर गाडीखाली झोपून "एवढे करा, मग चालेल" म्हणतो, तिथे ती सोबत आणण्याचे कारण काय? धोका निर्माण करणारा बदल नोंदवला नाही तर गाडीची वापर-परवानगीच रद्द ठरते. अपघातात विमा कंपनी समोरच्याला पैसे देईल, पण नंतर वसुलीला तुमच्या दारात येऊ शकते.

"गाडी माझी" हे खरे. मागच्या सीटवरच्या काकू माझ्या नव्हत्या, शेजारच्या लेनमधला मोटारसायकलवालाही नव्हता. त्या दिवशी घरी पोचल्यावर काकूंनी गाडी छान आहे म्हणून सांगितले, आणि मी त्यांना टायर दाखवला नाही. मित्राला मात्र मी फोटो पाठवला आहे. अजून उत्तर आलेले नाही.