कापसाचे मेंढरू आणि न आलेले मूल



संडे स्कूलमध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना शिकवायचे म्हटले की आपण सगळेच प्राण्यांकडे वळतो. नोहाच्या तारवातली जोडपी, योनाचा मोठा मासा, दानीएलाचे सिंह, आणि सर्वांत लाडके म्हणजे हरवलेले मेंढरू. कागदी ताटली, कापूस, डिंक आणि काळे स्केचपेन घेतले की तासाभरात मेंढरू तयार होते. मुले रमतात, पालक फोटो काढतात. यात वाईट काही नाही, आम्हीही वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत. पण यंदा झालेल्या एका गोष्टीने आम्हाला विचार करायला लावले, म्हणून हे लिहीत आहोत.

हरवलेल्या मेंढराचा धडा होता. भिंतीवर हिरव्या कागदाचे कुरण लावले होते आणि प्रत्येक मुलाच्या नावाचे एक मेंढरू कापून ठेवले होते. मुलांनी आपापल्या मेंढराला कापूस चिकटवायचा आणि ते कुरणात लावायचे. तास संपत आला तेव्हा टेबलावर एक मेंढरू कापसाविना उरले. एक लहान मुलगी म्हणाली, "टीचर, त्याचं मी चिकटवू का? तो येतच नाही आता." तेव्हा आम्ही हजेरीची वही उघडली. तो मुलगा सलग सहा रविवार आला नव्हता. त्याचे घर चर्चपासून चालत दहा मिनिटांवर आहे. नव्याण्णव सोडून एकाच्या शोधात जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट त्या सकाळी आम्ही रंगवून सांगितली होती, आणि सहा आठवड्यांत आमच्यापैकी एकही जण त्या घरी गेला नव्हता.

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. कारण साधे होते. घरात नवे बाळ आले होते, वडिलांची रविवारी ड्युटी असे, आणि मुलाला चर्चला आणायला कोणी नव्हते. आता शेजारच्या गल्लीतले एक कुटुंब त्याला सोबत घेऊन येते. एवढाच उपाय होता, पण तो सुचायला आधी दारात जावे लागले.

यातून आमचे जे मत झाले ते असे. या दाखल्यात आपण मुलाला नेहमी मेंढराची भूमिका देतो आणि शिकवण काढतो ती आज्ञापालनाची: मेंढरू ऐकत नव्हते म्हणून हरवले, तुम्ही मात्र आईबाबांचे ऐका. पण लूक १५ पुन्हा वाचून पाहावा. मेंढराने काय चूक केली याबद्दल तिथे एक शब्दही नाही. सगळी क्रिया मेंढपाळाची आहे. तो निघतो, सापडेपर्यंत शोधतो, खांद्यावर घेतो, घरी येऊन मित्रांना व शेजाऱ्यांना आनंद करायला बोलावतो. मत्तय १८ मध्ये तर प्रभूने आधी एका बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे केले आहे. या लहानांपैकी एकालाही तुच्छ मानू नका असे सांगून मग तो हा दाखला देतो. म्हणजे तिथे हा दाखला लहानांना धाक घालण्यासाठी नसून मोठ्यांना जागे करण्यासाठी आहे. आपण तो उलटा फिरवून मुलांवर लावतो. ज्या मुलाला वर्गात कमी समजते, जे उशिरा येते, ते मूल यातून एवढेच शिकते की वाईट मेंढरू ते मीच.

म्हणून आम्ही खेळ बदलला. आता कापडाचे मेंढरू आवारात लपवतो आणि सगळ्या मुलांना मेंढपाळ करतो. ते सापडेपर्यंत कोणी थांबायचे नाही. ज्याला सापडते त्याला वेगळे बक्षीस नाही, खाऊ सर्वांना मिळतो, कारण दाखल्यातला आनंदही सर्वांचा आहे. मग गोल बसून एकच प्रश्न विचारतो: आज आपल्यात कोण नाही? त्या मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करतो, मुले त्याच्यासाठी चित्र काढतात आणि आठवड्यात मोठ्यांपैकी कोणीतरी ते घरी पोचवते.

आणखी एक. आमचे मेंढरू आता पांढरे नसते. आपल्या बेळगाव, चिकोडी भागात धनगरांचे कळप रस्त्याने जाताना मुले पाहतातच, आणि ती दख्खनी मेंढरे बहुतेक काळी असतात. त्यांच्याच लोकरीची घोंगडी घरात असते. सुगीनंतर शेतकरी लेंडीखतासाठी असा कळप आपल्या रानात बसवून घेतो, तेव्हा रात्रभर कुत्र्यांसह राखण करणारा माणूस मुलांना दाखवता येतो. परदेशी चित्रातल्या मेंढपाळापेक्षा तो मुलांना लवकर समजतो.

इतर प्राण्यांबाबतही आम्ही आता हेच विचारतो की या धड्यात मूल करणार काय? चिमणीचे चित्र रंगवण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत चर्चच्या भिंतीवर मातीच्या परळात पाणी ठेवण्याची पाळी लावली, तर पिता पाखरांची काळजी घेतो हे मुलाच्या हाताला कळते. पुढे तुम्ही तर पुष्कळ चिमण्यांहून मोलाचे आहात हे प्रभूचे सांगणे ते मूल वेगळ्या कानाने ऐकेल. बलामाच्या गाढवीची गोष्ट (गणना २२) मुलांना हसवते, पण तिला तीन वेळा मार बसला आणि प्रत्येक वेळी ती धन्याचा जीव वाचवत होती, हे सांगितल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारण्याविषयी बोलता येते. पडलेले गाढव वैऱ्याचे असले तरी उठवायला मदत करा असे निर्गम २३ सांगते. रुसलेल्या मित्राविषयी बोलायला याहून सोपा धडा कोणता?

काही शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे? मूल घरी काहीतरी घेऊन गेले नाही तर पालकांना वाटते की काही शिकवलेच नाही. ही अडचण खरी आहे. आपण सगळे नोकरी, घर सांभाळून ही सेवा करतो, आणि कापसाचे मेंढरू पुढेही होत राहील. आमचे म्हणणे इतकेच की ते धड्याचा शेवट होऊ नये. घरी जाताना मुलाच्या हातात मेंढरू असो, पण मनात न आलेल्या सोबत्याचे नावही असो.

येत्या रविवारी वर्ग सुटल्यावर हजेरीची वही पाच मिनिटे वाचा. सलग तीन फुल्या दिसल्या तर त्या घरी जा, आणि जमल्यास वर्गातले एखादे मूल सोबत घ्या. दाखला त्या मुलाला पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

उत्तम मेंढपाळ आपल्या सर्व लेकरांना राखो. आमेन.