तकलीचे मानसशास्त्र

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या योजनेची चर्चा आजवर प्रामुख्याने अर्थकारणाच्या अंगाने झाली. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागवणे कितपत योग्य, हा आक्षेप प्रा. के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच घेतला होता आणि तो वाद पुढे अनेक वर्षे चालला. त्या धुरळ्यात योजनेचा अधिक टिकाऊ भाग झाकला गेला. मूल विचार करावयास कसे शिकते, याविषयीही त्या योजनेची एक निश्चित भूमिका होती.

डॉ. झाकिर हुसेन समितीने डिसेंबर १९३७ मध्ये दिलेल्या अहवालात सात ते चौदा या वयातील शिक्षण मातृभाषेतून व हस्तव्यवसायाच्या द्वारे व्हावे, अशी शिफारस केली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये जाँ पियाजे मुलांच्या विचारप्रक्रियेचे निरीक्षण करीत होते. पसरट पेल्यातील पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, की पाच वर्षांचे मूल पाणी वाढले असे सांगते. सातव्या वर्षाच्या आसपास मात्र ते म्हणते, ‘तेवढेच आहे, परत ओतून पाहा.’ झालेली क्रिया मनातल्या मनात उलटवण्याची ही शक्ती घोकून येत नाही. ती आल्यावरही अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलाचा तर्क हाताळलेल्या व पाहिलेल्या वस्तूंच्याच आधाराने चालतो. निव्वळ कल्पित गृहीतावर विचार करणे त्याला पुढे जमू लागते. वयाच्या या सीमा पियाजेंना वाटल्या तितक्या पक्क्या नाहीत आणि अनुभवानुसार त्या मागेपुढे सरकतात, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले. विकासाची दिशा मात्र बव्हंशी तीच राहिली.

या प्रकाशात तकलीकडे पाहिले, तर तिचे शैक्षणिक मोल ध्यानात येते. पेळूचे सूत झाले, लांबी कितीतरी वाढली, तरी वजन वाढले नाही. उलट थोडे घटले. मग ती तूट गेली कोठे, हा प्रश्न पेल्यातील पाण्याच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ होय. मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांवरील १९६९ सालचा एक अभ्यास येथे उद्बोधक आहे. आकार बदलला तरी मातीच्या गोळ्यातील माती तेवढीच राहते, हे त्या मुलांना इतर मुलांपेक्षा अधिक चांगले उमगलेले आढळले.

परंतु केवळ हात राबल्याने बुद्धी आपोआप प्रगल्भ होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी ही मुले पुस्तकी मांडणीतील सोप्या गणितांपाशी अडखळतात. आणि शाळेत पुस्तकी गणिते सोडवणारी मुले बाजारातील व्यवहारापाशी अडतात. अनुभव आणि संकल्पना यांच्यामध्ये पूल बांधावा लागतो व तो शिक्षकाच्या प्रश्नांनी बांधला जातो. जाणत्या माणसाच्या साहाय्याने मूल स्वबळाच्या एक पाऊल पुढे जाते, हा रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांचा सिद्धान्त हेच सांगतो. नयी तालीमने या पुलाला ‘समवाय’ असे नाव दिले होते. अनेक शाळांत तकली उरली आणि समवाय हरपला, तेथेच योजनेचा प्राण गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेल्या कार्यानुभवाची गतही पुष्कळ ठिकाणी वेळापत्रकातील एका तासिकेपुरतीच राहिली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हस्तव्यवसायांचा परिचय व दप्तराविना दहा दिवस यांची तरतूद केली, ती सहावी ते आठवीसाठी. तिसरी ते पाचवीसाठी धोरणात कृतियुक्त अध्यापनाचा उल्लेख आहे. परंतु हस्तव्यवसायाला नेमके स्थान नाही. दुसरीकडे, २०२१ पासूनच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किती शब्द वाचता येतात, हाही एक मापदंड ठरला आहे. अस्खलित वाचन आवश्यकच आहे. तथापि जे मोजले जाते तेच शिकविले जाते, हा शाळांचा जुना स्वभाव आहे. म्हणजे आठ ते अकरा या ज्या वयात विचाराला वस्तूंचा आधार सर्वाधिक हवा, नेमक्या त्याच वयात हात रिकामे राहण्याचा धोका संभवतो.

सेवाग्राममध्ये २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा नयी तालीमचा वारसा चालवीत आहे. तिचे अनुकरण सर्वत्र शक्य होईल असे नाही. परंतु वर्धा जिल्ह्यातील शिक्षकाला त्यासाठी महागडे साहित्यही लागत नाही. हिंगणघाट-देवळीच्या शिवारातील कापूस मुलांच्या घरातच असतो. तो तोलावा, त्यातील सरकी वेगळी करावी, पुन्हा तोलावा. आणि उत्तर सांगण्याआधी ‘असे का झाले?’ एवढे विचारून शिक्षकाने थोडा वेळ थांबावे. वर्धा योजनेचे पुनरुज्जीवन एवढ्यापासूनही सुरू होऊ शकेल.