ओळखलंत, पण कळलं का?

उपग्रहाने टिपलेलं चित्र टाकायचं, "ओळखा पाहू!" म्हणायचं आणि पहिल्याने नाव सांगितलं की शाबासकी देऊन पुढच्या चित्राकडे वळायचं. हा खेळ आपल्या मंडळींत भलताच लोकप्रिय आहे. मला त्यात जरा खोडा घालायचाय. नाव सांगितलं की हा खेळ संपतो, हेच मुळात मला मान्य नाही.

तीन गोल घ्या. मॉरिटानियाच्या वाळवंटातला रिशात, सुमारे ४० किलोमीटर रुंद. "उल्का पडली असणार!" असं कुणीही म्हणेल. पण नाही. तो जमिनीखालून वर उचलला गेलेला आणि मग झिजत गेलेला खडकांचा घुमट आहे. कॅनडातलं मॅनिकुआगन मात्र खरोखरच धडकेचं विवर, २१ कोटी वर्षांपूर्वीचं. पण त्यातलं पाण्याचं कडं? ते माणसाने १९६८ साली पूर्ण केलेल्या धरणामुळे भरलं. तिसरं आपलं लोणार, जेमतेम १.८ किलोमीटरचं. त्याला ज्वालामुखीचं तोंड समजणारेही होते. निकाल लागला तो तिथल्या दगडांवरून, धडकेच्या प्रचंड दाबाने त्यात तयार झालेल्या काचेवरून. वरून तिन्ही गोलच!

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. नासाच्या उपग्रहचित्रांत मे महिन्यातलं हिरवं आणि जूनमधलं गुलाबी तळं स्पष्ट दिसत होतं. जो तो "लोणार! लोणार!" म्हणत सुटला. पण खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कळलं, ते पाण्याचे नमुने तपासून.

"अहो, विरंगुळा आहे, त्याची शाळा कशाला करताय?" असं कुणीतरी म्हणणारच. पण शाळा तर तुम्हीच केलीत! नावं घोकायची, झटकन उत्तर द्यायचं, पहिला नंबर पटकवायचा. याच गोष्टींनी आपल्यापैकी किती जणांना भूगोलाच्या तासाला जांभया आणल्या! आता भाचरंही त्याच रांगेत उभी राहणार का?

म्हणून माझा नियम: नावाला एक गुण, "हे असं का?" याला नऊ. आणि "वरून कळत नाही, खाली उतरून बघायला हवं" असं कारणासकट सांगणाऱ्याला पुरे दहा.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला या, पण नुसतं नाव घेऊन येऊ नका!