आखातात कुटुंब न्यायचे आहे? आधी मुलांच्या शाळेचा हिशेब करा

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन. कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात जा, दर दोन-चार घरांमागे एक माणूस सौदी, दुबई, कुवेत किंवा कतारला असतोच. पूर्वी माणूस एकटा जायचा आणि बायका-मुले गावात राहायची. गेल्या काही वर्षांत शिकलेली तरुण मंडळी कुटुंब सोबत नेऊ लागली. मुले बापाजवळ वाढावीत, ही इच्छा अगदी योग्य आहे. पण आम्ही शिक्षक मंडळी या गोष्टीची दुसरी बाजू रोज वर्गात बघतो.

सौदी अरेबियाने जुलै 2017 पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर शुल्क लावले. सुरुवातीला ते माणशी दरमहा 100 रियाल होते, दरवर्षी 100 ने वाढत 2020 मध्ये 400 झाले. आता हिशेब करा. बायको आणि तीन मुले म्हणजे वर्षाला 19,200 रियाल. आपल्या पैशात चार लाखांहून अधिक. ही रक्कम इकाम्यासोबत भरावी लागते. शिवाय घरभाडे आणि शाळेची फी वेगळी. मध्यम पगाराच्या माणसाला हे झेपत नाही. मग कुटुंब 'फायनल एक्झिट'वर परत येते, आणि अनेकदा शाळेचे वर्ष अर्धे झालेले असताना.

अशी मुले आमच्याकडे येतात. तिकडे सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली असतात. गणित-विज्ञान चांगले असते, पण मराठीचे अक्षर ओळखत नाहीत, उर्दू फक्त बोलता येते. एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर थेट सातवीत आला. हुशार पोरगा, पण मराठीच्या तासाला खाली मान घालून बसायचा. महिनाभर वर्गात एक शब्द बोलला नाही. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. म्हणजे हा प्रश्न टाळता येणारा नाही.

मग जाऊच नये का? आमचे म्हणणे तसे नाही. जा, पण तयारीने जा.

पहिली गोष्ट, शुल्क, भाडे आणि फी वजा करून हातात काय उरते ते आधीच कागदावर मांडा. दुबईत कुटुंबाचा व्हिसा काढायला पगाराची किमान अट असते, पण ती अट पूर्ण झाली म्हणजे संसार चालेल असे नाही.

दुसरी, मूल तिकडे जन्मले तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा. नागरिकत्वाचा प्रश्न आहे, आळस नको.

तिसरी, परत यायचे ठरले तर शक्यतो शैक्षणिक वर्ष संपवून या. शाळेचा दाखला, गुणपत्रके, जन्मदाखला सोबत आणा. 6 ते 14 वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याने वयानुसार वर्गात बसता येते, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे पालकांना माहीत नसते, म्हणून ते हेलपाटे घालतात.

चौथी आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. तिकडे असतानाच घरात रोज अर्धा तास मराठी आणि उर्दू वाचायला-लिहायला शिकवा. आखातात वीस वर्षे राहिलो तरी तिथले नागरिकत्व सहसा मिळत नाही. बहुतेकांना एक ना एक दिवस परतायचेच आहे.

जमातींनाही एक विनंती. मशिदीच्या दुरुस्तीला आपण आखातातून वर्गणी मागतो, बांधव मनापासून देतातही. त्यातल्याच थोड्या पैशात गावात परतलेल्या मुलांसाठी संध्याकाळचा मराठीचा वर्ग का सुरू होऊ नये? शिकवायला आम्ही तयार आहोत. तो सातवीतला मुलगा शेजारच्या एका ताईकडे रोज तासभर बसला आणि वर्षअखेरीस पास झाला. प्रत्येक मुलाला अशी ताई मिळेलच असे नाही, म्हणून ही सोय समाजाने करायची आहे.